सव्वीस पानांचं मोजमाप

रविवारी सकाळी मंजिरी रायपूरच्या चौबे कॉलोनीत श्यामकांत सरांच्या घरी पोहोचली, तेव्हा तिच्या पिशवीत ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली धानाची सव्वीस पानं होती आणि अंगात सहा आठवड्यांचा शिणवटा. पानांवर नुसत्या आकड्यांच्या चिठ्ठ्या. कोणतं पान कोणत्या वाणाचं, ते फक्त तिला ठाऊक.

सरांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण धानाचं वेड काही सुटलं नव्हतं. करपा रोगाला दाद न देणारं वाण काढायचं, या एका ध्यासात त्यांची आणि त्यांच्या हाताखाली मंजिरीची अकरा वर्षं खपली होती. उद्या नव्या रायपुरात समिती बसणार होती आणि वाणाला मान्यता मिळणार होती. हे कॉलोनीतल्या इस्त्रीवाल्यालाही माहीत होतं, कारण सरांनीच त्याला गाठून सांगितलं होतं.

करप्याचा जिवाणू मोठा बेरकी. जखमेतून नाहीतर कडेच्या बारीक छिद्रांतून पानात शिरतो, पेशींना आपली प्रथिनं टोचतो, आणि झाड स्वतःच त्याच्यासाठी साखर सोडू लागतं. घरमालकानेच चोराला ताट वाढावं तसं. सरांच्या वाणात एक पहारेकरी जनुक होतं. ते जिवाणूची एक खूण ओळखायचं आणि झाड वेळीच सावध व्हायचं. दरवर्षी कात्री जिवाणूच्या पाण्यात बुडवून पानांचे शेंडे कापायचे आणि चौदा दिवसांनी कापापासून पान किती वाळलं ते मोजायचं. दरवर्षी उत्तर एकच, तीन सेंटिमीटरच्या आत.

पण जिवाणूही दरवर्षी तोच होता, फ्रीजरमधल्या कुप्यांतला. एका सालचे आकडे दुसऱ्या सालाशी ताडून बघता यावेत म्हणून सरांनी तसा नियम केला आणि मंजिरीने तो निमूटपणे पाळला. शेतातला जिवाणू कशाला यांच्यासाठी थांबतोय? सप्टेंबरात राकेशने, त्यांच्या शेतावरच्या सहायकाने, पिवळ्या कडांचं पान आणून दिलं. "मैडम, अपने ही धान में झुलसा लगा है," तो म्हणाला. झुलसा म्हणजे करपाच. त्या पानातल्या जिवाणूने आपली खूणच बदलून टाकली होती. पहारेकरी जागाच होता, पण त्याला काही ओळखू येत नव्हतं. अकरा वर्षं आपण एका पाळलेल्या शत्रूशी लढलो, याची मंजिरीला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षाही थकवा जास्त होता.

"एवढ्या सकाळी?" सर म्हणाले. "चहा घेशील?"

"आधी हे मोजून द्या न सर. मले एकटीनं होत नाही."

मोजणाऱ्याला वाण सांगायचं नाही, हा सरांचाच दंडक. त्यांनी काही विचारलं नाही. चष्मा लावला, स्टीलची पट्टी घेतली, आणि एकेक पान टेबलावर सरळ करून आकडे सांगू लागले. सतरा. साडेअठरा. सोळा. मंजिरी लिहीत गेली. बारा पानं झाल्यावर ते हसले.

"काय पोरी, कोणतं भंगार लावून राहिली तू? हे वाण कोणी समितीपुढं आणलं असतं, तर मी त्याले खोलीबाहेर काढलं असतं."

मंजिरीचा पेन थांबला. आपण या माणसाशी फार वाईट वागलो, असं तिला वाटलं.

"सर, यातली सहाच पानं तुलनेसाठी लावलेल्या जुन्या, लगेच मरणाऱ्या वाणाची आहेत. बाकी वीस आपली. शेतातला नवा जिवाणू लावला. दोनदा लावून पाहिला."

सरांनी टेबलावरची पानं पुन्हा उलटसुलट करून पाहिली. कोणतं आपलं, कोणतं जुनं, त्यांना निवडता येईना.

"काहून नाही सांगतलं आधी?"

"सांगतलं असतं तर तुम्ही कमी मोजलं असतं."

बोलून गेल्यावर तिला जीभ चावावीशी वाटली. अकरा वर्षांत ती सरांना असं कधी बोलली नव्हती. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"हव," सर म्हणाले. "मोजलं असतं." मग खाली बघतच म्हणाले, "उद्या समितीले मी सांगतो. तू नको बोलू. किती राहिले?"

"चौदा. राहू द्या सर, जेवढे झाले तेवढे पुरे."

त्यांनी तेरावं पान उचललं. "हे आपलं?"

मंजिरीने होकारार्थी मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते.

पट्टी दोनदा सरकली, दोन्ही वेळा त्यांनी ती पुन्हा कापाच्या टोकाला आणून लावली.

"साडेअठरा," ते म्हणाले. मग पानावर वाकून त्यांनी पुन्हा नीट पाहिलं. "नाही. एकोणीस आहे. एकोणीस लिही."