हाक कुणी मारायची

"ताई, दिवे सगळे हिरवे, तारा ठीक, तरी शाखा मुकी! करू काय?" फोनवर शाखेतले पंतोजी वैतागले होते. ते तिथले नेटवर्कवाले. नीटनेटकेपणामुळे हे नाव पडलेलं.

"माझ्यासमोर रडून काय होणार? सेटिंग वाचून दाखवा."

मुख्य कार्यालयातला राउटर माझ्याकडे असतो. शाखांच्या राउटरांचा मी एक गट केला होता आणि त्या अख्ख्या गटाला एकच नियम लावला होता: आमच्या बाजूने हाक मारायची नाही, शाखेने मारली की ओ द्यायची. याला 'पॅसिव्ह' म्हणतात. पंतोजींनी वाचून दाखवलं आणि मी कपाळावर हात मारला.

"अहो, तुम्हीपण पॅसिव्ह?"

"तुमचंच जसंच्या तसं उतरवलं. स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही!"

"धन्य आहात. दोघंही कान देऊन बसलोय, हाक कुणी मारायची? ती ओळ काढा."

त्यांनी ओळ काढली. जोडणी झाली. साहेब येऊन म्हणाले, "बिघाड कुठे होता?"

"कुठेच नव्हता," मी म्हणाले. मला आनंदबिनंद काही झाला नाही. हल्ली कशाचाच होत नाही.

डबा तसाच ठेवून मी जिन्यात गेले. आई गेली आणि पाठोपाठ दादाशी भांडण झालं, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. तो आजारी आहे असं मावशीकडून कळलं होतं. नवरा रोज म्हणायचा, "अगं, तूच कर की फोन." मी म्हणायचे, "चूक त्याची आहे, तोच करेल." मोठा हट्ट होता माझा. मला दादा हवा होता, बाकी काही नाही.

फोन वहिनीने उचलला.

"त्यांना झटका आला गं. वाचा गेली. ऐकू सगळं येतं. खुणेने फोन उशाशी ठेवायला लावतात, वाजला की आधी माझ्याकडे बघतात."

"मग तू का नाही केलास?"

"मला वाटलं, तुलाच बोलायचं नाही."

मला रडूही येईना.

"कानाला लावते त्यांच्या," वहिनी म्हणाली. "तू बोल."

पलीकडे श्वास ऐकू आला. भांडणाचं काही आठवेना, माफीचे शब्द तर सापडेचनात.

"दादा, मी बोलतेय," मी म्हणाले. "आज ना, आमच्या पंतोजींनी काय केलं माहितेय?"

आणि मी त्याला राउटरचं सगळं पहिल्यापासून सांगत बसले.