कॅमेऱ्याचा आवाज

माझा पहिला संशय स्पीकरवर होता. सातवा महिना चालू असतानाही मी रंगमंच आणि कठडा यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, माणसाएवढ्या स्पीकरला खेटून फोटो काढत होते. फोटोग्राफरांना तिथे पहिली तीन गाणीच थांबू देतात, पण तेवढ्यातही पोटातली लेक दचकायची. मग मागे जाऊन बसायचं आणि पेपरसाठी परीक्षण लिहायचं. कानांत बोळे कधी घातले नाहीत. बोळे घालून परीक्षण लिहिणं म्हणजे डोळे मिटून फोटो काढणं, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायची.

आता लेक आठ महिन्यांची आहे. खेळात रमली की माझ्या हाकेला वळायची नाही, म्हणून मला वाटत होतं, तिला ऐकू येत नाही.

जन्मल्यावर दवाखान्यात कान तपासले होते, सगळं ठीक आहे म्हणाले होते. पण तो कागद सापडत नव्हता, आणि न सापडणाऱ्या कागदावर माझा विश्वास नाही.

दुसरा संशय सासूबाईंवर. खुळखुळा वाजवताना त्या तो नेमका तिच्या डोळ्यांसमोर धरत. मग ती वळते ती आवाजाने, की दिसलं म्हणून? शिवाय गेले काही दिवस त्या आणि नवरा स्वयंपाकघरात कुजबुजत. मी दारात दिसले की नवरा चटकन पाण्याचा पेला उचलायचा. तहान नसलेला माणूस पाणी कसं पितो, ते मला बघताक्षणी कळतं.

"काय चाललंय?"

"कुठे काय? आईला विचारत होतो, भाजी कुठली करतेस."

भाजी त्याच्या नाकासमोर शिजत होती.

तिसरा संशय साउंडवाल्यावर. आदल्या दिवशीच्या कार्यक्रमात बासरीचे वरचे सूर माझ्यापर्यंत पोचलेच नाहीत. परीक्षणात मी त्याची चांगली हजेरी घेतली: 'साउंडवाल्याच्या हलगर्जीपणामुळे बासरी वर गेली की विझत होती.' संध्याकाळी ते पाठवायचं होतं.

पण लेकीचा सोक्षमोक्ष आधी लावायचा होता.

"आई, हिला खिडकीकडे तोंड करून मांडीवर घ्या. पाठमोरा फोटो हवाय."

"पाठीचा कसला फोटो? माझ्या नातीच्या तोंडाला काय झालंय?"

"घ्या तर खरं."

फोकस लागला की माझा कॅमेरा बारीक, तीक्ष्ण 'टीं' करतो. वादक खाऊ की गिळू असं बघतात, म्हणून तो आवाज मी वर्षानुवर्षं बंदच ठेवते. आज चालू केला, पार मोठा. पाच पावलांवरून, श्वास रोखून, बटण अर्धं दाबलं.

काहीच नाही. बिघडला मेला! पुन्हा दाबलं. पुन्हा शांतता. आणि लेकीने गर्रकन मान वळवून थेट भिंगात पाहिलं.

सासूबाईंनी चिमटा तर काढला नाही? पण त्यांचे दोन्ही हात मला दिसत होते. लेकीला परत वळवायला लावलं, चवड्यांवर चालत दुसऱ्या कोपऱ्यात गेले, दाबलं. ती त्या कोपऱ्याकडे वळली आणि बोळकं पसरून हसली.

"आई, कॅमेरा आवाज करत नाहीये ना?"

"करत नाहीये? अगं, मघापासून टीं टीं करून कान किटवले त्याने!" आणि त्या एकदम थांबल्या. "तुला नाही आलं ऐकू?"

मी कॅमेऱ्याचा पडदा पाहिला. आवाज चालू होता. पार मोठा.

"मी त्याला म्हणते, तू सांग तिला. तो म्हणतो, आई तू सांग," सासूबाई खाली बघत म्हणाल्या. "पोर आत टाहो फोडते आणि तू शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत असतेस. आधी वाटलं, दमली असशील."

"मला वाटलं, तुम्ही हिच्याबद्दल कुजबुजता."

"हिच्याबद्दल? ही तर शेजारणीने डबा उघडला तरी जागी होते!"

मी हसले. हसता हसता मला पहिल्यांदा नीट भीती वाटली. किती वेळा रडली असेल ती, मी शेजारच्याच खोलीत असताना? लेकीला उचलून छातीशी धरलं. ती कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी खेळत होती.

तशीच एका हाताने परीक्षण उघडलं आणि साउंडवाल्याचं वाक्य पुसलं. मग बासरीबद्दलचं प्रत्येक वाक्य पुसलं. फारसं काही उरलं नाही. संपादकांना दोन ओळी लिहिल्या: फोटो पाठवतेय, परीक्षण नाही. आधी कान तपासायचे आहेत, माझे.

"आई, ही रडली की मला हाक मारा."

"मारीन की."

"मोठ्याने मारा."