दोन सिगारची राखणदार

मी एक जुनी पेटी आहे. जुनी म्हणजे टाकाऊ, असे ज्यांना वाटते त्यांनी इथेच थांबावे. त्यांच्यासाठी दुकानात चकचकीत वस्तू पुष्कळ पडल्या आहेत. मित्रांनो, माझ्यात सिगार ठेवतात. मोठी माणसे मला ह्युमिडॉर म्हणतात. नाक मुरडू नका. धुराशी माझा काही संबंध नाही, तो मी माझ्या आत कधी येऊ दिलेला नाही. सिगार म्हणजे शेवटी गुंडाळलेली पाने. ती कोरडी पडली तर फाटतात, फार ओली राहिली तर त्यांना बुरशी येते. या दोन्हींच्या मध्ये त्यांना सांभाळून ठेवायचे हे माझे काम, आणि ते कोणाही डब्याला जमत नाही.

मला एका अबोल सुताराने बनवले. बाहेरून अक्रोडाचे लाकूड, आतून सीडर नावाच्या सुगंधी लाकडाचे अस्तर. झाकण बसवल्यावर त्याने कागदाची एक पट्टी फटीत धरून ओढली. पट्टी निघाली नाही, फाटली. तेव्हा कुठे तो म्हणाला, "आता बरी झाली." मला मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी. आजही माझे झाकण सोडले तर ते आदळत नाही. आतली हवा थोडी थोडी बाहेर सोडत सावकाश खाली येते. झाकणाला आतून एक गोल तबकडी आहे. आत ओलावा किती आहे, ते तिच्यावरचा काटा दाखवतो. सिगारला सत्तर टक्के ओलावा मानवतो, आणि माझा काटा सत्तरवर. दुसऱ्यांचे काटे हवा बदलली की वर-खाली नाचतात. माझा जागचा हलत नाही. याचा मला फार अभिमान होता.

मला दोन भावांनी विकत घेतले, ज्या दिवशी त्यांनी सूट शिवायचे दुकान उघडले त्याच दिवशी. थोरल्यांना सगळे मास्तर म्हणत. ते शिवायचे, धाकटा कापायचा. माझ्यासोबत चोवीस सिगार आल्या. ठरले असे, की दरवर्षी दुकानाच्या वाढदिवशी दोघांनी एकेक ओढायची आणि एरवी हात लावायचा नाही. अकरा वर्षे हे चालले. मग धाकट्याच्या हातून एका नवऱ्या मुलाच्या कोटाची बाही इंचभर आखूड कापली गेली, आणि मास्तर गिऱ्हाइकासमोर त्याला बोलले, "तुझ्या हातात कात्री दिली हीच माझी चूक." धाकट्याने कात्री टेबलावर ठेवली, गळ्यातली टेप तिच्यावर ठेवली आणि तो निघून गेला. एका इंचासाठी नऊ वर्षांचा अबोला. हीच माणसे वर स्वतःला शहाणी म्हणवतात.

माझ्यात दोन सिगार उरल्या. दुकान बंद झाले, मास्तर मुलाकडे राहायला आले, तरी त्यांनी आपल्या वाटणीची ओढली नाही. "तो आला की," एवढेच म्हणत. दर रविवारी सकाळी ते मला खिडकीजवळच्या टेबलावर घेत. माझ्यातल्या स्पंजवर डिस्टिल्ड पाणी थेंब थेंब सोडत. नळाचे पाणी कधीच नाही, त्याने लाकडाला डाग पडतात आणि बुरशी धरते. मग कोटाचे कापड चाचपावे तशा दोन्ही सिगार दोन बोटांत हलकेच दाबत आणि कूस बदलून पुन्हा ठेवत. यात अर्धा तास जाई. तेवढा वेळ त्यांचा चेहरा बरा दिसे.

हा त्रास त्यांच्या मुलाला बघवेना. मुलगा मनाने चांगला, पण अक्कल मोबाइलला बहाल करून बसलेला. दुकानात जाऊन त्याने विचारले, लाकडी पेटी चांगली की विजेवरची. विजेवरची विकणाऱ्याला हे विचारल्यावर दुसरे काय उत्तर मिळणार? एका रविवारी ते यंत्र घरी आले.

"बाबा, आता तुम्हाला काही म्हणजे काही करायला नको," मुलगा म्हणाला. "ओलावा कमी झाला की मला मेसेज येतो. अडीचशे सिगार मावतात."

"आहेत दोन," मास्तर म्हणाले.

"जागा असलेली बरी."

काय ते ध्यान! काचेचे दार, पोटात पंखा, कपाळावर निळा आकडा, आणि दिवसभर नुसती घुरघुर. सीडरच्या नावाने आत कागदासारख्या पातळ दोन फळ्या. सुताराचा हात जन्मात लागलेला नाही, आणि ऐट अशी की जणू सिगारचा शोध यानेच लावला. अडीचशेच्या जागेत माझ्या दोन सिगार कोपऱ्यात पडून राहिल्या. आणि मी? "इतकी छान पेटी, वाया का घालवायची?" असे म्हणत सूनबाईंनी माझ्यात बटणे भरली. तीही प्लास्टिकची.

मास्तर रविवारी यंत्रासमोर येऊन उभे राहत. आकडा सत्तर असे. मग करण्यासारखे काही उरत नसे, तेव्हा वाचून झालेले वर्तमानपत्र पुन्हा उघडत. मला त्यांचे वाईट वाटे. असे चार महिने गेले.

मग एका बुधवारी फोन आला. पलीकडून धाकटा बोलत होता. "दादा, शनिवारी तुमच्या बाजूला काम आहे. येऊन जाऊ का?"

"ये," मास्तर म्हणाले. फोन ठेवून ते तडक यंत्राकडे गेले आणि त्यांनी सिगार दाबून पाहिली. पान कुरकुरले. मी शेल्फवर होते, मला तिथे ऐकू आले.

"कोरडी आहे."

"बाबा, सत्तर दाखवतंय की."

"आम्हाला आकडा ओढायचा आहे का सिगार?"

मुलगाही इरेला पेटला. "मग तुमच्या पेटीवरचा काटा खरा कशावरून?"

"बघू," म्हणून मास्तरांनी बाटलीच्या बुचात मीठ घेतले, ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घातले आणि बूच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले. शेजारी यंत्राचा काडेपेटीएवढा सेन्सर आणि माझ्या झाकणाची काढलेली तबकडी. पिशवी घट्ट बंद केली. "ओल्या मिठापाशी कोंडलेल्या हवेत ओलावा पंचाहत्तर असतो," ते म्हणाले. "मीठ कोणाची भीड धरत नाही." मी आनंदाने फुगले. आता या उपटसुंभाचे पितळ उघडे पडणार.

पडलेच. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा सेन्सर अठ्ठ्याऐंशी दाखवत होता. म्हणजे तेरा जास्त. सत्तरच्या नावाखाली त्याने माझ्या सिगारना चार महिने सत्तावन्नवर वाळवले होते. माझा काटा सत्तरवर होता. पाचाचा फरक, म्हटले चालायचेच. पण मुलाने तबकडी उन्हात धरली. सत्तर. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. सत्तर. नखाने टकटक केले. सत्तर.

"बाबा, हा काटा मेलाय."

"घर बदललं तेव्हा पेटी हातातून पडली होती. तेव्हापासूनच," मास्तर म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं? मग इतकी वर्षं..."

"काट्याकडे बघतो कोण?" मास्तरांनी आपली दोन बोटे त्याच्यासमोर धरली.

मित्रांनो, माझ्या तोंडात मारल्यासारखे झाले. ज्याचा मी एवढा टेंभा मिरवला तो काटा सहा वर्षांपूर्वीच गेला होता. सिगार सांभाळल्या त्या दोन बोटांनी, आणि नाक वर करून फिरत होते मी. त्यात आणखी एक गोष्ट ऐकावी लागली. मुलगा म्हणाला, "मग आत्ता पेटीत ठेवू या?" मास्तरांनी माझ्या तळावर हात फिरवला. "नको. हीसुद्धा वाळलीय. उरलासुरला ओलावा हीच पिऊन टाकेल." खोटे नव्हते ते.

शनिवारी धाकटा आला. डोक्यावरचे केस गेलेले, खुर्चीच्या कडेवर टेकलेला, घड्याळाकडे लक्ष. मास्तरांनी दोन्ही सिगार बशीत घालून त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने एक उचलली, दोन बोटांत दाबली आणि खाली ठेवली.

"दादा, ही वाळलीय."

यंत्र समोरच घुरघुरत होते. मुलगा दारात उभा होता. बोट दाखवायला जागा पुष्कळ होती.

"हो," मास्तर म्हणाले. "माझी चूक झाली."

धाकटा खुर्चीत मागे सरकून नीट बसला. मग त्याने विचारले, "पेटी कुठाय?"

सूनबाईंनी बटणे काढून दिली. दोघा भावांनी ओलसर फडक्याने मला पुसले; मास्तरांनी आतून, धाकट्याने झाकण. आठवडाभर असे पुसून लाकूड पाणी प्यायले की मग सिगार आत ठेवायच्या, आणि ओलावा हळूहळू वाढवायचा. घाई केली तर पान फाटते.

"दोन-तीन महिने लागतील," मास्तर म्हणाले.

"पुढच्या रविवारी येतो मी," धाकटा म्हणाला. "तुला एकट्याला जमायचं नाही."

यंत्रात आता सूनबाईंची चॉकलेटे असतात. घुरघुर चालूच आहे आणि माझा तिरस्कारही. तरी एक गोष्ट मान्य करते, त्याच्या तोंडावर नाही, तुमच्यापाशी. त्याने लबाडी केली नसती, तर त्या शनिवारी तासाभरात दोन्ही सिगार ओढून झाल्या असत्या आणि धाकटा घड्याळ बघून निघून गेला असता.

मित्रांनो, तुमच्या घरातही सांभाळून ठेवावे असे काहीतरी असेल. ते आकड्याच्या भरवशावर सोडू नका. काट्याच्याही नको, आणि माझ्यासारख्या घमेंडखोर पेटीच्या तर नकोच नको. आठवड्यातून एकदा हातात घेऊन बघत जा.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. धाकट्याचा एकही रविवार चुकलेला नाही. सिगार केव्हाच तयार झाल्या आहेत, मऊ, भरीव, कुठेही कुरकुर नाही. गेल्या रविवारी धाकट्याने एक उचलून दाबली.

"अजून जराशी कोरडीच वाटते," तो म्हणाला.

मास्तरांनी दुसरी दाबून पाहिली. "हो," ते म्हणाले. "राहू दे अजून." आणि त्यांनी माझे झाकण सोडून दिले.