मोरीतला होकार

न्हाणीघराच्या मोरीभोवती माणसं हात जोडून उभी होती. गल्लीतली अर्धीअधिक रांग तर अजून आत शिरायची होती. मी नळदुरुस्तीवाला. तुंबलेली मोरी मोकळी करायला या घरच्या सुनेनं मला बोलावलं होतं. हत्यारांची पिशवी घेऊन पोचलो, तर दारातच एकानं अडवलं.

"चपला काढा. आत थोरले बोलतायत."

थोरले म्हणजे सुनेचे सासरे. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते.

आत स्टुलावर महाराज विराजमान. समोर सासूबाई, डोळे रडून सुजलेले. महाराजांनी काठी फरशीवर दोनदा आपटली.

"हे देहमुक्त आत्म्या! पाताळमार्गे आलास, आता पत्नीच्या हाकेला ओ दे! तू सुखी आहेस?"

मग मोरीच्या जाळीतून आवाज आला, गुडगुड, गळळळ. सासूबाईंना हुंदका फुटला. पंचवीस वर्षं गटारं उपसतोय, पण एवढं सुखी गटार मी पहिल्यांदाच ऐकलं.

"गुडगुड म्हणजे होकार," शेजारचा कुजबुजला. "गप्प राहिले की नकार."

पुन्हा काठी. "सुनेच्या पायगुणानं घराला पीडा आहे?" गुडगुड. "तिनं घर सोडावं?" गुडगुड.

सुनेचा नवरा भिंतीकडे बघत पुटपुटला, "थोडे दिवस माहेरी जाऊन ये ना."

सून पदर खोचून पुढं आली. "बाबा दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. त्यांचं सगळं मी केलं. जिवंतपणी एकदाही मला जा म्हणाले नाहीत, आणि आता गटारातून सांगतात? मी नाही जाणार." मग माझ्याकडे वळली. "दादा, हा आवाज कुठून येतो, ते तुम्ही बघा."

मी मागच्या अंगणात जाऊन चेंबरचं झाकण उचललं. काळं पाणी काठोकाठ. आत काठी दोनदा वाजली आणि पाणी हललं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकावलो, तर 'तीर्थाच्या बादल्यांची राखण' करायला बसवलेला महाराजांचा शिष्य काठीच्या खुणेवर सिंकमध्ये भरली बादली उपडी करत होता!

मी सुनेला बाजूला बोलावून सांगितलं. तिनं शिष्याला बाहेर काढलं आणि स्वयंपाकघराला कुलूप घातलं.

"हं महाराज, विचारा आता."

काठी दोनदा वाजली, चारदा वाजली, दहादा वाजली. मोरी ढिम्म.

"अश्रद्धेनं आत्मा रुसला!" महाराज गरजले.

"आई, तुम्ही या माझ्याबरोबर." सुनेनं कुलूप काढलं, सासूच्या हातात भरलेली बादली दिली. "ओता."

म्हातारीनं ती सिंकमध्ये ओतली. भिंतीपलीकडून आवाज आला, गुडगुड, गळळळ.

मी समजावलं, "आजी, सिंक नि मोरी जमिनीखाली एकाच पाइपाला जोडलेत. पुढं पाइप बंद आहे. इकडून पाणी ओतलं की आतली कोंडलेली हवा मोरीतून वर येते."

"म्हणजे ते नव्हतेच?"

"नव्हते, आई," सून म्हणाली.

सासूबाई तिथंच खाली बसल्या. सुनेनं पाठीवर हात ठेवला, तशा काही वेळानं उठल्या आणि गर्दीतून वाट काढत थेट महाराजांसमोर गेल्या.

"माझ्या माणसाला तू गटारात बसवलंस? ऊठ माझ्या स्टुलावरून!"

"माते, शाप लागेल..."

"लागू दे! माझ्या घराला लागेल, तुला काय त्याचं? ऊठ!"

महाराज उठले. हात जोडून उभ्या असलेल्या माणसांचे हात आता कमरेवर होते. गुरु-शिष्य भिंतीला घासतच बाहेर पडले.

मग मी लांब लवचिक पट्टी पाइपात घातली. तासभर खटपट केल्यावर झाडाच्या मुळांचा मनगटाएवढा झुबका हाती आला आणि चेंबरमधलं पाणी सर्रकन उतरलं.

सासूबाई सुनेला म्हणाल्या, "चुकले गं मी. त्यांचा आवाज पुन्हा ऐकायची फार आस होती." सुनेनं त्यांना जवळ घेतलं. नवरा काहीतरी बोलायला आला, तर तिनं त्याच्या हाती खराटा दिला.

मला त्या म्हातारीचं हसू येत नाही. गेलेल्या माणसाची ओढ कुणाला नसते? त्या ओढीवर धंदा मांडणाऱ्याची मात्र चीड येते. म्हणून सांगतो, चमत्कार दिसला की हात जोडू नका. ते हात मोकळे ठेवा, झाकण उचला, आत बघा. आणि कुणी "बघू नकोस" म्हणून दरडावलं, तर नक्की बघा.