वाकड्या पट्ट्याचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीवर लावतात तसला झुळझुळीत नव्हे बरं का! मी जाड लोकरीचा. वाळवंटातल्या एका काळ्या तंबूच्या मधोमध, पुरुषांची बैठक आणि बायकांचं घर यांच्यामध्ये मी कित्येक वर्षं टांगलेला होतो. मला दोन्हीकडचं दिसे, दोन्हीकडचं ऐकू येई, पण बोलता मात्र येत नसे. माझं सगळं दुःख त्यातूनच आलं.

मला वदहाने विणलं. जमिनीत खुंट्या रोवून, हरणाच्या शिंगाने एकेक धागा ठोकून बसवत ती दोन हिवाळे माझ्यापाशी बसली. तिचा नवरा ध्याब हा टोळीतला मानाचा माणूस. म्हणून माझी नक्षीची बाजू बैठकीकडे आणि गाठींची बाजू बायकांकडे असे. पाहुणे माझी तारीफ करत आणि मी फुगून जाई. खोटं कशाला सांगू?

एल्सा पहिल्यांदा आली तेव्हा माझे रंग कोरे करकरीत होते. ती उत्तरेकडच्या बर्फाच्या देशातली नर्स. औषधांची पेटी घेऊन जीपमधून तंबू-तंबू फिरायची. ध्याबने तिला बैठकीत, सगळ्यांत जाड गादीवर बसवलं. ती बाई असली तरी पाहुणी होती, आणि पाहुण्याची जागा तिथेच.

"बाईसाहेब, घर तुमचंच आहे," तो म्हणाला, आणि तिला साधा तक्क्याही स्वतःच्या हाताने सरकवू दिला नाही.

दर महिन्याला ती यायची. "घरात कुणी आजारी आहे का?" असं विचारायची.

"देवाची कृपा आहे," ध्याबचं ठरलेलं उत्तर.

माझ्या पलीकडे बायका रोट्या भाजताना खिदळायच्या. एल्सा तिकडे कान लावून बसायची आणि अर्धामुर्धा कळलेल्या विनोदावर एकटीच हसायची. समोर ताट भरलेलं, भोवती दहा माणसं, आणि तरी इतकं एकटं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

एका वसंतात ध्याबच्या सुनेचं, शमाचं, तीन महिन्यांचं बाळ तापाने फणफणलं. त्याच दिवशी एल्सा आली. माझ्या अलीकडे तिच्यासाठी बकरं कापलं गेलं. पलीकडे बाळाला धाप लागली.

"आत्याबाई, त्या बाईंना बोलवा ना!" शमा कळवळून कुजबुजली.

"पाहुणी जेवतेय," वदहा म्हणाली. "जेवत्या पाहुणीपुढे घरचं दुखणं मांडायचं? टोळीत तोंड दाखवायला जागा उरेल का? जेवू दे तिला, मग सांगते."

वदहा दुष्ट नव्हती. तीच बाळाचं अंग ओल्या फडक्याने पुसत होती. पण पाहुण्याचा घास कडू करायचा नाही, ही तिथली रीत. औषधाची पेटी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मला वाटलं, आता मधोमध फाटून जावं! पण वदहाने मला फार घट्ट विणलं होतं. एल्साने जेवून हात धुतले, कॉफीचे तीन पेले घेतले. तोवर बाळाचा आवाज थांबला होता.

जीप टेकाडाआड जाईपर्यंत कुणी हुंदका काढला नाही.

पुढच्या महिन्यात तिला हे कळलं. "मी कुठे होते तेव्हा?" तिने विचारलं.

"तुम्ही जेवत होता," ध्याब मान खाली घालून म्हणाला.

एल्साने हातातला भरलेला पेला न पिता खाली ठेवला. बैठकीत सगळे सावरून बसले. पाहुण्याने असा पेला ठेवला की त्याला काहीतरी मागायचं असतं, आणि ते दिल्याशिवाय यजमानाची सुटका नसते.

"बोला बाईसाहेब. मागाल ते दिलं."

"मला पाहुणी म्हणू नका. मला काम द्या."

म्हातारा शेजारी सालेम खो-खो हसला. "अरे ध्याब, लोक तुझ्याकडे उंट मागतात, आणि ही बया शेण गोळा करायला मागतेय! देऊन टाक बाबा!"

ध्याबचा चेहरा पडला. शब्द तर देऊन बसला होता. तेवढ्यात माझ्यामागून वदहाचा आवाज आला, "काम हवंय ना? मग तिथे काय बसलीस? इकडे ये, लोकर पिंजायची पडलीय!"

एल्सा उठली आणि माझी कड ओलांडून पलीकडे गेली. संध्याकाळपर्यंत तिच्या बोटांना फोड आले. "हे हात आहेत का लोण्याचे गोळे?" वदहा म्हणाली, आणि बायका खिदळल्या. या वेळी एल्सालाही विनोद कळला होता.

पुढे माझी कड झिजली तेव्हा तिने मला एक नवा पट्टा विणून जोडला. वाकडा! तोही नक्षीच्या बाजूला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उसवायला निघाली, तर वदहा म्हणाली, "राहू दे गं. वाकडा आहे, पण घट्ट आहे."

लोकर पिंजता पिंजता बायका तिला आपली दुखणी सांगू लागल्या. हाताखाली काम करणाऱ्या बाईशी कोण आडपडदा ठेवणार? दोन वर्षांनी शमा बाळंतपणात अडली, तेव्हा कुणी रीत पाहिली नाही. "एल्सा, धाव गं!" अशी हाक आली आणि ती हातातला घास टाकून धावली. शमा वाचली, नूफ जन्मली.

नूफ पाच वर्षांची असताना एल्साला तिच्या देशाने परत बोलावलं. नंतर ध्याब गेला, वदहा गेली. तंबू गेला आणि सिमेंटचं घर आलं. भिंती आल्यावर माझं काय काम? मी कपाटावर गुंडाळून पडलो, मला कसर लागली. अखेर नूफने मला शोभेसाठी दिवाणखान्यात खिळ्यांनी ठोकलं. माझी गाठींची बाजू भिंतीला चिकटली. आतल्या खोल्यांत काय चालतं, ते आता मलाही कळेना. एल्सा त्या गादीवर कशी बसत असेल, ते मला तेव्हा समजलं.

गेल्या हिवाळ्यात एक म्हातारी काठी टेकत आत आली. एल्सा! नूफने तिला सोफ्यावर बसवलं, पाठीशी उशी दिली.

"शमा कुठे आहे?"

"बरी आहे. आधी कॉफी घ्या, बाईसाहेब."

एल्साने पेल्याकडे पाहिलं. मग तो भरलेलाच खाली ठेवला.

"नूफ," ती म्हणाली, "तू जन्मलीस तेव्हा मी आत होते. मला बाहेर बसवू नकोस. सांग."

नूफने हातातली किटली खाली ठेवली. "आई गेली. आज नववा दिवस."

एल्सा उठून माझ्यापाशी आली. आपला वाकडा पट्टा शोधून तिने त्यावरून हात फिरवला. तो एका टोकाला उसवला होता.

"सुई दे."

"नको हो, तुम्ही पाहुण्या..." नूफने पुढचा शब्द गिळला. तिने सुई आणली, खिळे काढून मला खाली घेतलं आणि माझं टोक मांडीवर धरून एल्साशेजारी बसली. दोघी शिवत होत्या आणि रडत होत्या. माझी दुसरी बाजू पुन्हा मोकळी झाली होती.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, कसरीपासून जपा, हे तर कुठलाही पडदा सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. दुरून येऊन तुमच्यात राहणाऱ्या माणसाला जन्मभर गादीवर बसवून ठेवू नका. त्याला काम सांगा, त्याला हसा, आणि घरात दुखणं असेल तर ते त्याला आधी सांगा. कॉफी काय, नंतरही घेता येते.