गोळीनंतरचा आकडा

भूल उतरली आणि सांडूच्या जबड्यात कुणीतरी पहार घालून हलवतंय असं त्याला वाटायला लागलं. खालची अक्कलदाढ आडवी होती, हाड कोरून काढावी लागली होती. गोळी घेऊन दोन तास झाले, पण दुखणं तसूभर हललं नव्हतं.

"शून्य ते दहा. आता किती दुखतंय, दादा?" तनुजानं फाइल उघडत विचारलं.

"दोन," सांडू म्हणाला आणि चादर मुठीत आवळली.

तनुजा कन्नड तालुक्यातली, त्याच्याच गावची. शाळेत असताना ती रोज त्याच्या जीपमधून यायची-जायची. आता ती शहरातल्या दंत महाविद्यालयात पुढचं शिकत होती, आणि त्यासाठी तिला एक नवी वेदनाशामक गोळी तपासून बघायची होती. दाढ काढायची, दुखायला लागलं की गोळी द्यायची आणि मग दर अर्ध्या तासाला आकडा विचारून लिहायचा. चाळीस माणसं हवी होती. त्यातली बावीस सांडूनं दोन महिन्यांत जीप भरभरून आणून दिली, आणि त्यांतला शेवटचा म्हणून स्वतःही खुर्चीत बसला.

वेरूळ मागं पडलं की तो जीपमध्ये सगळ्यांना बजावायचा, "गोळीच्या आधी खरं काय ते सांगा. गोळी पोटात गेली की मग जीव गेला तरी दोन! पोरीचं नाक कापायचं नाय."

खरं तर सही घेताना तनुजा प्रत्येकाला समजावून सांगायची. निम्म्या गोळ्यांत औषध आहे, निम्म्यांत काहीच नाही, आणि कुणाला कुठली मिळाली हे तिलाही ठाऊक नाही. जे वाटेल तेच सांगा, सहन झालं नाही तर मागा, लगेच दुसरं औषध मिळेल. सांडूनं मान डोलावली होती. पण आपल्याच माणसांना तनू बिनऔषधाची गोळी कशाला देईल, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. शहाणाच तो! दुसरं औषध मागणं म्हणजे तर त्याच्या लेखी गद्दारी होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तो उशीला पुसत होता. शेजारच्या खाटेवर गावच्याच आवडाबाई, गालाचा भोपळा झालेला, भिंतीकडं तोंड करून कण्हत होत्या.

तेवढ्यात तनुजाचे सर, डॉक्टर हेमचंद्र, आत आले. त्यांनी फाइल चाळली.

"तनुजा, बाकीच्या पेशंटचे आकडे बघ. काहींना आराम पडलाय, काही कळवळतायत. असंच असायला हवं. आणि या बावीस जणांत गोळीनंतर एकालाही दोनच्या वर दुखत नाही? ज्यांच्या गोळीत काहीच नाही त्यांनाही नाही?"

"सर, ते म्हणाले तेच लिहिलं मी."

"की आकडे घरी बसून भरलेस? हे समितीपुढं गेलं तर तुझं शिक्षण इथंच संपेल."

तनुजाचा चेहरा पांढराफटक पडला. सांडूच्या त्या दोन-दोननं पोरीच्या गळ्याला फास लागला होता. तो धडपडत उठून बसला आणि तोंडातला रक्ताळलेला बोळा काढून हातात घेतला.

"साहेब, मला दहा दुखतंय! मगापासून दहाच हाय. मीच खोटं बोललो. समद्यांना मीच शिकवलं, दोन सांगा म्हणून. तिला ठाऊकबी नाय. आईची आन!"

सरांनी चष्म्यावरून त्याला नीट न्याहाळलं.

"गाव कुठलं तुमचं?"

"तिचंच." सांडूच्या तोंडून निघून गेलं.

"अस्सं," सर म्हणाले. "मग तुम्ही तिची बाजू घेणारच." त्यांनी फाइल मिटली.

आता काय करावं? सांडूला जबड्याचं भान उरलं नाही. ज्या पोरीसाठी एवढं सोसलं तिला त्यानंच बुडवलं होतं, आणि आता खरं बोलून काही उपयोग नव्हता. त्यानं शेजारच्या खाटेकडं हात केला. "आवडाबाईंना इचारा! त्याबी जीपमदी होत्या. बाई, सांगा की वं खरं! तुमच्या पाया पडतो."

आवडाबाई हळूहळू इकडं वळल्या. मोठे डॉक्टर चिडलेत, तनुजा रडवेली झालीय आणि सांडूनं कच खाल्लीय, एवढंच त्यांना कळलं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"त्याला सोसना झालंय साहेब, म्हनून बरळतोय," त्या सुजलेल्या तोंडानं म्हणाल्या. "आमाला कुनीबी कायबी शिकवलं नाय. पोरीच्या गोळीनं लई गुण आला. दोनच हाय."