डावीकडची चंद्रकोर

दादानं माझा केसानं गळा कापला हे मला वहिनीकडून कळलं, आणि तिला बिचारीला आपण काय सांगतोय याचा पत्ताही नव्हता.

मी तीन वर्षांनी घरी परतले होते. पृथ्वीच्या पार दक्षिणेकडे एका बेटावर हवामान केंद्र होतं, तिथं मी निरीक्षक होते. वारा किती, पाऊस किती, ढग कुठले, दर तीन तासांनी नोंद करायची. उरलेला वेळ माझा. बाबांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांनी दादाला आणि मला एकाच डार्करूममध्ये कॅमेरा शिकवला होता. मी तो बेटावर नेला आणि तिथलं आकाश टिपायला लागले.

ते आकाश पाहून मी पहिले काही दिवस अक्षरशः चक्रावले होते. भर दुपारी सूर्य उत्तरेला. मृग नक्षत्र डोकं खाली, पाय वर. ध्रुवतारा तर नाहीच, त्याऐवजी दक्षिणेला दोन धुरकट ठिपके, कोणीतरी काचेवर श्वास सोडावा तसे. आणि चंद्र! आपल्याकडे अमावस्येनंतरची कोवळी कोर उजव्या बाजूनं उजळते, तिथं डाव्या. हे सगळं मी दादाला पत्रांतून लिहायची. दर चार महिन्यांनी बोट यायची, तिच्याबरोबर पत्र आणि निगेटिव्हचं पाकीट जायचं. दुसऱ्या हिवाळ्यात कॅमेऱ्यापाशी उभं राहून माझी उजव्या हाताची दोन बोटं बर्फानं काळी पडली. केंद्रावरच्या डॉक्टरनं ती कापली. मी डाव्या हातानं शटर दाबायला शिकले.

मग दादाचं पत्र आलं. चारच ओळी. 'पाकिटांना समुद्राचं पाणी लागलं. निगेटिव्ह एकमेकींना चिकटल्या. एकही वाचली नाही. वाईट वाटून घेऊ नकोस.' त्या दिवशी मी नोंदवहीत वाऱ्याची दिशा चुकीची लिहिली. तीन वर्षांतली ती माझी एकमेव चूक.

तर, घरी आल्यावर वहिनीनं मला पाटावर बसवावं तशा कौतुकानं खुर्चीत बसवलं आणि मांडीवर एक जाडजूड पुस्तक ठेवलं. 'आमच्या टेकडीवरचं आकाश'. खाली दादाचं नाव.

"दोन हिवाळे टेकडीवर काढले गं तुझ्या दादानं," ती म्हणाली. "मला म्हणायचा, तू झोप, मी येतो पहाटे. आता वाचनालयात मोठं प्रदर्शन लागणार आहे. तीस फोटो."

मी पानं उलटत गेले. तीसच्या तीस माझे. खाली आमच्या गावच्या घरांची छपरं, झाडं, सातचा आकडा रंगवलेली पाण्याची टाकी. ती त्यानं डार्करूममध्ये स्वतःच्या निगेटिव्हवरून जोडली होती. जोड कुठं दिसत नव्हता. हात बाबांच्या तालमीत तयार झालेला, त्याला नाव ठेवायला जागा नाही. अर्पणपत्रिकाही, मी बेटावर असताना गेलेल्या, बाबांनाच होती.

"कसे आहेत?" वहिनीनं विचारलं.

"सुंदर," मी म्हणाले. माझ्या तोंडून दुसरा शब्द निघाला असता तर मी किंचाळलेच असते.

दुसऱ्या दिवशी दादा बाहेर गेल्यावर मी डार्करूममध्ये शिरले. रसायनांच्या बाटल्यांमागच्या खणात माझी पाकिटं होती. कोरडी ठणठणीत. प्रत्येकावर माझ्या अक्षरात तारीख आणि बेटाचा शिक्का. ती मी पिशवीत घातली, खण लावला, आणि हात धुतले. त्याच वेळी मी ठरवलं: नुसता आरडाओरडा करून काही उपयोग नाही. दोघा भावंडांचं भांडण म्हणून लोक सोडून देतील. याला सगळ्यांसमोर, याच्याच तोंडानं बोलायला लावायचं.

संध्याकाळी दादा माझ्याजवळ घुटमळला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते इथं अगदी शब्दशः होतं.

"पुस्तक बघितलंस म्हणे. काही... ओळखीचं वाटलं?"

"मला कसं वाटणार? माझे तर भिजले," मी म्हणाले. "आणि आकाश काय, कुठूनही सारखंच दिसतं."

त्यानं सुटकेचा श्वास टाकला. आकाश कुठूनही सारखं दिसत नाही, हे मी त्याला पानंच्या पानं भरून लिहिलं होतं. म्हणजे त्यानं माझी पत्रं वाचलीच नव्हती. फक्त पाकिटातून निगेटिव्ह काढून घेतल्या होत्या.

मग मी त्याच्या कामाला लागले. चौकटी पुसल्या, खिळे ठोकले, निमंत्रणं वाटली. "बोटं नसून किती करते," असं लोक म्हणायचे आणि दादा मान खाली घालायचा. उद्घाटनाची तारीखही मीच सुचवली. पंचांग काढून अमावस्येनंतरचा तिसरा दिवस शोधला, वेळ सूर्यास्ताची. सर्वांत मोठा फोटो दारासमोर लावू या, असंही मीच म्हणाले: पाण्याच्या टाकीमागची चंद्रकोर.

"त्याखाली काय लिहू?" दादानं विचारलं.

"लिही, 'तिसऱ्या दिवसाची कोर, टाकीमागे मावळताना'. लोकांना आपलं गाव ओळखू येईल."

त्यानं वळणदार अक्षरात तसंच लिहिलं.

त्या दिवशी वाचनालयाचं दालन भरून गेलं होतं. दादानं बाबांचा कोट घातला होता. फीत कापायला शाळेतल्या भूगोलाच्या बाई होत्या. दादा आणि मी, दोघंही त्यांच्याच हाताखाली शिकलो. टाळ्या झाल्या. बाई मोठ्या फोटोसमोर थांबल्या, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला.

मी पुढं झाले. "बाई, आज आकाश मोकळं आहे. खरी कोरही आत्ता टाकीमागेच आहे. सगळे पायऱ्यांवर येता का? फोटोशी ताडून बघू."

लोकांना गंमत वाटली. शे-दीडशे माणसं हसत हसत बाहेर आली. समोर पाण्याची टाकी, तिच्यामागे तांबूस आकाश, आणि त्यात नखाएवढी कोर. उजवीकडून उजळलेली.

कोणीतरी मागं वळून उघड्या दारातून फोटोकडे पाहिलं. मग दुसऱ्यानं. "अरे, ही तर उलटी आहे!"

दादाच्या पायाखालची वाळू सरकली, ते मला दिसलं. पण तो पटकन सावरला. "खाली लिहिताना चूक झाली. पहाटेची कोर आहे ती. पहाटे डावी बाजूच उजळते."

"पहाटेची कोर पूर्वेला," बाई शांतपणे म्हणाल्या. "टाकीमागे या गावात आजवर काही उगवलेलं नाही."

"मग... निगेटिव्ह उलटी पडली असेल. छापताना होतं असं."

मी याच वाक्याची पाच आठवडे वाट पाहत होते.

"निगेटिव्ह उलटी पडली," मी म्हणाले, "तर टाकीवरचा सातचा आकडा सरळ कसा, दादा?"

मी पिशवी उघडली आणि पाकिटं एकेक करून बाईंच्या हातात दिली. त्यांनी तारखा वाचल्या, शिक्के वाचले. माझं अक्षर त्या ओळखत होत्याच.

"तू इथं नव्हतीस," दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "बाबांचं आजारपण, दुकान, सगळं मी निस्तरलं. तू तिकडे मजेत आकाश बघत बसलीस."

"मजेत," मी म्हणाले आणि उजवा हात त्याच्या डोळ्यांसमोर धरला. "चल आत. पहिल्या फोटोपासून. प्रत्येकासमोर उभं राहून सांग, हा माझा नाही."

तो आला. नकार देण्याइतकं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. पहिल्या फोटोसमोर तो पुटपुटला. "मोठ्यानं," मी म्हणाले. तो मोठ्यानं बोलला. दुसरा. तिसरा. आठव्यापर्यंत लोकांना चेव होता. अकराव्याला काहीजण चपला शोधू लागले. पंधराव्याला दादा रडायला लागला आणि वहिनीनं माझा दंड धरला.

"पुरे गं. तुझं झालं ना खरं. आता सोड त्याला."

"तीस आहेत," मी म्हणाले.

शेवटच्या फोटोपाशी आम्ही तिघं आणि बाई, एवढेच होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. तिसावं वाक्य बोलून दादा भिंतीला टेकून खाली बसला. मला खोटं सांगायचं नाही: मला गोड वाटलं. तीन वर्षांत प्रथमच माझं अंग ऊबदार झालं होतं.

महिनाभरात पुस्तक बाजारातून मागं घेतलं गेलं. वर्षानं ते माझ्या नावानं निघालं, छपरं आणि टाकी काढून, नुसतं बेटावरचं आकाश. दादा स्टुडिओची किल्ली द्यायला आळीतल्या माझ्या वेगळ्या बिऱ्हाडी आला तेव्हा मी दारातच उभी होते. आत ये म्हणाले नाही.

"एक विचारू?" मी म्हणाले. "पत्रं का वाचली नाहीस?"

"पहिली दोन वाचली," तो म्हणाला. "बाबांना अंथरुणातून उठवत होतो त्या दिवसांत. तू लिहिलं होतंस, इथं सगळंच वेगळं आहे. पुढं वाचवेना. पोटात आग पडायची."

"मग फोटो बघून नाही पडली?"

त्यानं किल्ली पुढं केली. मी किल्ली घेतली आणि दार लावलं.

दुसऱ्या गावी त्याला ओळखपत्रांचे फोटो काढायचं काम मिळालं. गाव सोडण्याच्या सकाळी वहिनी आळीतल्या प्रत्येक घरी जाऊन आली, अगदी जिच्याशी तिचं पटत नव्हतं त्या शिंपिणीकडेही. माझ्या दारावरून मात्र सरळ पुढं गेली. ते मला लागलं, अजून लागतं. माझं तिच्याशी काही वैर नव्हतं. दादाला मी माफ केलेलं नाही. बाई एकदा म्हणाल्या, तू पंधराव्याला थांबायला हवं होतंस. मी विचार करून पाहिला. नाही, थांबले नसते.